हरकत राखून

सेवानिवृत्त होणाऱ्या नोकरदाराने आपल्या भावी निवृत्तिवेतनाचा काही अंश सरकारास परत करून त्याच्या मोबदल्यात एकरकमी पैसा घेतला, तर सरकारी दफ्तरात त्या व्यवहारास अंशराशीकरण असे भारदस्त नाव आहे; परंतु पौड-पिरंगुटच्या बाजूस हा शब्द कोणाच्या तोंडी ऐकू यावयाचा नाही. तेथे "गुरुजींनी पेन्शन विकली" असे सरळ म्हणतात, आणि ते म्हणताना बोलणाऱ्याचा आवाज किंचित खाली येतो. पुण्याच्या पेठांतूनही पेन्शन विकतातच. पण तेथे तो निव्वळ हिशेबाचा भाग समजला जातो. मुळशीत विकणे या क्रियापदास हिशेबाखेरीज आणखी एक वजन आहे, आणि ते कोठून आले हे पाहावयाचे, तर या तालुक्यातील सामान्य माणसासमोर गेल्या शंभर वर्षांत "ठेवावे की विकावे" हा प्रश्न कोणकोणत्या रूपाने येऊन उभा राहिला, याची हकीकत जुन्या काळापासून लावून पाहिली पाहिजे.

बारा मावळांपैकी पौड खोरे, मुठे खोरे आणि मोसे खोरे यांचा बहुतेक मुलूख आजच्या मुळशीच्या आसपास मोडतो. बाजी पासलकरांच्या काळापासून या मुलखात माणसाची पत वतनावर मोजली जात असे, आणि वतन विकणारा घरचा असला तरी चारचौघांत त्याचे नाव निघत नसे. रोकड पैसा येथे फारसा खेळलाच नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस, उताराला बांध घालून केलेली भाताची खाचरे, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई, खोऱ्याच्या सपाटीवर घमघमणारा आंबेमोहर: शिल्लक राहिलीच तर ती कणगीत राही, अथवा लग्नाच्या निमित्ताने सोनाराकडे जाऊन बायकांच्या अंगावर चढे, आणि पाऊस दगा देई त्या वर्षी तेथूनच उतरून सावकाराच्या पेटीत जाई. जमीन ही त्यामुळे उत्पन्नाची बाब होतीच, पण म्हातारपणाची तरतूदही तीच होती. हात थकले की मुलगा कसतो आणि बाप बांधावर बसून खातो, याहून निराळी निवृत्तियोजना मावळ्यास ठाऊक नव्हती.

ही तरतूद सक्तीने रोखीत बदलून घेण्याचा प्रसंग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत आला. टाटांच्या जलविद्युत कंपनीने खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये चालू केले होते. मुंबईच्या गिरण्यांची विजेची भूक मात्र त्यावर भागत नव्हती, आणि मुळा व नीला यांच्या संगमाखाली धरण बांधून अडविलेले पाणी घाटावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडावे, अशी योजना निघाली. पन्नासाहून अधिक गावांची शेते व घरे आणि सुमारे अकरा हजार माणसे त्या पाण्याच्या वाटेत होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर जाऊन काम अडविले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट ही त्या लढ्यातील दोन प्रमुख नावे. बापटांना सेनापती ही पदवी मिळाली ती येथेच. "जान किंवा जमीन" ही घोषणा सर्वांस ठाऊक आहे. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, धरपकडी झाल्या, तुरुंगवास झाले. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी कंपनीची आगगाडी सशस्त्र अडविली व त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि तेथे लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह चालू झाले.

इतके शाळेच्या पुस्तकातही सापडते. मला येथे सांगावयाचे आहे ते पुस्तकात सहसा एका ओळीत उरकले जाते. त्या खोऱ्यातील पुष्कळशा जमिनीचे कागदोपत्री मालक पुण्यात राहणारे सावकार व जमीनदार होते, आणि नांगर धरणारा मावळा हा त्यांचे कूळ अथवा त्यांचा ऋणको होता. आरंभी दोघेही एका मांडवात बसले; कारण योजना नको, हे म्हणणे दोघांचेही होते. परंतु मोबदल्याचा आकडा जसजसा स्पष्ट होऊ लागला तसतसा मालकवर्ग मांडवातून उठू लागला. त्यात नीच काही होते असे मी म्हणणार नाही. ज्याची जमीन हा गुंतवणुकीचा एक प्रकार आहे, त्याला गुंतवणूक बरा भाव आल्यास मोडता येते. ती मोडून आलेला पैसा पुण्यातील घरात, सोन्यात किंवा एखाद्या कंपनीच्या भागांत घालता येतो, आणि त्या भागांत विजेच्या कंपनीचे भाग नसतीलच असे छातीठोकपणे कोणी सांगावे? ज्याच्या दृष्टीने जमीन हेच उद्याचे जेवण होते, त्याच्यापुढे तो पर्यायच नव्हता. म्हणून मालक वेळेवर विकून मोकळे झाले आणि कूळ जमीन ठेवण्यासाठी तुरुंगात गेले.

त्या काळी भूसंपादन कसे होई, हे ज्यांनी कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी १८९४ च्या कायद्याची रीत थोडक्यात सांगतो. सरकार आधी अधिसूचना काढी, मग मोजणी होई, हितसंबंधी व्यक्तींना नोटिसा जात, आणि अखेरीस संपादन-अधिकारी आपला निवाडा देई. बाजारभाव ठरवून त्यावर सक्तीच्या भरपाईदाखल शेकडा १५ जादा द्यावयाचे, असे मूळ कायद्यात होते. आलेली रक्कम सर्व हितसंबंधीयांत वाटली जाई, म्हणजे जमीन गहाण असली तर सावकाराचे येणे त्यातूनच वळते होई, आणि अंगठा उठविणाऱ्याच्या हाती पडे ती उरलेली बाकी. तरीही त्या कायद्यात एक कलम असे होते की, ज्याची आठवण आज मुद्दाम केली पाहिजे. निवाड्याची रक्कम अपुरी वाटत असेल, तर खातेदाराने ती नाकारून बसावे लागत नसे. ती त्याला आपली हरकत राखून स्वीकारता येई, आणि मग ठराविक मुदतीत दिवाणी न्यायालयाकडे दाद मागता येई. मात्र हरकत न नोंदविता पैसे उचलले, तर तो हक्क संपे. एका ओळीचा प्रश्न. पण ती ओळ लिहावयास सांगणारा शहाणा माणूस त्या दिवशी त्या मांडवात हजर असला पाहिजे.

आणखी एक हिशेब असा आहे की तो त्या वेळी कोणालाच करता आला नसता. १९४८ चा कुळकायदा व त्यातील १९५६ ची दुरुस्ती यांच्या योगाने १ एप्रिल १९५७ रोजी मुंबई राज्यातील कुळे कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. मुळशीच्या ज्या गावांना पाणी लागले नाही, तेथील कुळांच्या नावावर सातबारे झाले; पाण्याखालच्या कुळांना मात्र मालक होण्यासाठी जमीनच उरली नव्हती. जमीन ठेवावी असे म्हणणारा मावळा भावनेने बोलत होता असे तेव्हाच्या पुणेकर शहाण्यांचे मत होते. छत्तीस वर्षांनी पाहता हिशेबही त्याच्याच बाजूचा निघाला.

आता दुसरा अंक. तो धरणाच्या काठी घडला नाही, तरी त्याचा कागद मुळशीतील कित्येक घरांत पोहोचला. मध्यमवर्गीयांची लहान बचत भागबाजारात आणावी, पण त्यातील जोखीम त्यांच्या एकट्यांच्या अंगावर पडू नये, या हेतूने १९६३ च्या कायद्यान्वये १ फेब्रुवारी १९६४ रोजी युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. त्या वेळी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी होते, आणि संस्थेचे पाच कोटींचे प्रारंभीचे भांडवल रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक इत्यादिकांनी घातले. १ जुलै १९६४ रोजी विक्रीस निघालेली तिची पहिली योजना युनिट चौसष्ट या नावाने घरोघर ओळखली जाऊ लागली. दर्शनी किंमत १० रुपये. युनिट घ्यावयाचा तो जुलैत, कारण तेव्हा विक्रीचा भाव सर्वांत कमी असे; नंतर महिन्यामहिन्याने भाव चढे, आणि वर्ष संपले की लाभांशाचे वॉरंट टपालाने घरी येई. तीन दशकांच्या काळात तो लाभांश वाढत वाढत नव्वदीच्या दशकात शेकडा २६ पर्यंत गेला. इतकी नियमित वस्तू मावळात एरवी मृगाच्या पावसाशिवाय कोणी पाहिली नव्हती, आणि मृगही वेळेवर येतोच असे नाही.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांचे आजोळ पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी. जिल्हा परिषदेच्या शाळांतून छत्तीस वर्षे शिकवून ते १९९३ साली निवृत्त झाले, तेव्हा भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि विकलेल्या पेन्शनीची रक्कम असा एकत्र पैसा आयुष्यात प्रथमच त्यांच्या नावे जमा झाला. मुलीचे लग्न, घराचे पत्रे काढून स्लॅब, सोसायटीचे कर्ज यांतून जे उरले, त्याचे त्यांनी ६,००० युनिट घेतले. पोस्टातील ठेवीहून लाभांश अधिक आहे, आणि मागे सरकार आहे, असे एजंटाने सांगितले होते. त्याने खोटे सांगितले असे नव्हे. बहुतेक सर्व देशाचा तसाच समज होता. सरकारने संस्था काढली, सरकार तिचा अध्यक्ष नेमते, तेव्हा सरकार पैसेही बुडू देणार नाही, ही समजूत पक्की होती. कायद्याच्या भाषेत मात्र चौसष्टच्या भावाची किंवा लाभांशाची हमी कोणी दिलेली नव्हती. गुरुजींच्या पत्र्याच्या ट्रंकेत पुठ्ठ्याच्या फाईलीत हे युनिटांचे दाखले होते, खाली सातबाऱ्याचे उतारे, त्याखाली नातवाची पत्रिका. एक कागद त्यात नव्हता, तो म्हणजे आजोळच्या जमिनीच्या निवाड्याचा. आजोबा पौडच्या कचेरीत जाऊन अंगठा उठवून आले, एवढेच घरात सांगत. हरकत राखून की न राखता, हे सांगणारे कोणी उरलेले नव्हते.

चौसष्टचा दोष तिच्या स्वभावातच होता. ज्या मालमत्तेवर युनिट उभे, तिची किंमत बाजारात रोज बदलते. पण युनिटाच्या खरेदी-विक्रीचा भाव संस्था आपल्या विचाराने ठरवी आणि त्या मालमत्तेचे खरे मोल जाहीर करीत नसे. आरंभी व्याजाच्या रोख्यांवर भिस्त असलेल्या या योजनेची निम्म्याहून अधिक रक्कम नव्वदीच्या दशकात भागबाजारात गेली होती. १९९८ च्या ऑक्टोबरात राखीव निधी उणे १,०९८ कोटींवर गेल्याचे बाहेर आले, तेव्हा काही दिवस गडबड उडाली. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, सरकारने ३,३०० कोटींचा आधार दिला, आणि पुढे भाव खऱ्या मोलाशी जोडावा, अशी शिफारस समितीने केली. त्या सुमारास गुरुजींनी मला विचारले होते, "आता काढून घेऊ का?" मी त्यांना म्हणालो, की सरकारने हात दिला आहे, घाई करू नका. सल्ला देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, हे मला तेव्हा सुचावयास हवे होते.

मार्च २००० नंतर संगणक कंपन्यांच्या भागांचे भाव कोसळले, २००१ च्या वसंतात बाजारात घोटाळा उघडकीस आला, आणि एप्रिल-मेच्या दोन महिन्यांत मोठ्या कंपन्यांनी चौदा रुपयांच्या आसपास भावाने आपले युनिट परत करून हजारो कोटी रुपये उचलून नेले. ते बेकायदा नव्हते. ज्यांच्याकडे मुंबईत बसून ताळेबंद वाचणारी माणसे होती, त्यांनी तो वाचला आणि ते मांडवातून उठले. २ जुलै २००१ रोजी संस्थेने सहा महिन्यांसाठी युनिटांची विक्री व पुनर्खरेदी दोन्ही बंद केली आणि त्या वर्षीचा लाभांश शेकडा १० जाहीर केला. अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले व पुढे त्यांना अटक झाली. युनिटधारकांची संख्या तेव्हा दोन कोटींच्या घरात होती, आणि त्यांतील बहुसंख्यांना बंद झालेल्या खिडकीची बातमी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळली.

यानंतरचे दोन वर्षांचे प्रकरण मला फार शिकविणारे वाटते, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. ओरड झाल्यावर लहान धारकांसाठी ऑगस्ट २००१ पासून एक खिडकी उघडण्यात आली: तीन हजार युनिटांपर्यंत १० रुपये भाव, तो दरमहा दहा पैशांनी चढत मे २००३ पर्यंत १२ रुपयांवर जावयाचा. डिसेंबरात ही मर्यादा पाच हजार युनिटांपर्यंत वाढविली, आणि त्याहून अधिक असलेल्या युनिटांना मुदतीअखेर निदान १० रुपये मिळतील, असा शब्द सरकारने दिला. जानेवारी २००२ पासून खरे मोल जाहीर होऊ लागले, आणि पहिलाच आकडा ५ रुपये ८१ पैसे असा निघाला. गुरुजींच्या ६,००० युनिटांचे त्या भावाने ३४,८६० रुपये होत होते. तो आकडा त्यांनी शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर गुणाकार करून तीनदा पडताळला, आणि तिसऱ्यांदाही तोच आला.

अशा वेळी माणूस काय करतो? ऑगस्टात पुण्याला जाणाऱ्या एसटीत दाखले पिशवीत घातलेली माणसे भेटत. दहा तर दहा, हातात पडलेले बरे, असे त्यांचे म्हणणे, आणि भीतीच्या पोटी ते सर्वस्वी स्वाभाविक होते. पण कागदावर मांडून पाहा: दहा रुपयांवर महिन्याला दहा पैसे, म्हणजे शेकडा बाराच्या आसपासची वर्षाची वाढ, तीही सरकारच्या शब्दावर, आणि खाली खरे मोल सहा रुपयांच्याही आत. बुडणाऱ्या योजनेतील तेवढा एक कोपरा बँकेच्या ठेवीहूनही बरा होता. लहान धारकाने त्या वेळी विकण्याची घाई करावयास नको होती, हे माझे मत मी येथे स्पष्ट नोंदवितो. १९९८ साली विकावयास हवे होते, २००१ च्या एप्रिलात तर नक्कीच. परंतु खिडकी बंद होऊन पुन्हा उघडल्यानंतर विकण्याची वेळ टळलेली होती. पैसा काढावयाचा की ठेवावयाचा, याचे उत्तर मनातील भीती किती आहे यावर बहुतेक जण देतात. ते समोरच्या भावाखाली काय आहे यावर द्यावयाचे असते. मुळशीतील माणसाला भावाखाली काय आहे हे कधीच वेळेवर सांगितले गेले नाही, १९२१ मध्येही नाही आणि २००१ मध्येही नाही.

गुरुजींनी विकले नाही. ते शहाणपण होते असे ते स्वतः म्हणत नाहीत. "काढायला पुण्याला जायचं, रांगेत उभं राहायचं, आणि येताना चोरीची भीती," एवढेच त्यांचे कारण. १ फेब्रुवारी २००३ रोजी जुनी संस्था दुभंगली; एका भागातून आजचा यूटीआय म्युच्युअल फंड झाला आणि चौसष्टसारख्या योजनांचा भार सरकारने नेमलेल्या विशेष उपक्रमाकडे गेला. मे अखेरीस चौसष्ट बंद झाली तेव्हा धारकांना विकल्प-पत्र आले: रोख घ्या, अथवा पाच वर्षांचे, शेकडा ६.७५ व्याजाचे, करमुक्त व सरकारच्या हमीचे रोखे घ्या. गुरुजींच्या पहिल्या पाच हजार युनिटांचे १२ च्या दराने ६०,००० आणि उरलेल्या एक हजारांचे १० च्या दराने १०,०००, असे ७०,००० झाले. त्यांनी रोखे घेतले, म्हणजे वर्षाला ४,७२५ रुपये व्याज. त्या पत्रावर चौकोनात खूण करावयाची होती, आणि आम्ही दोघांनी ते खालपासून वरपर्यंत वाचले. रक्कम अपुरी वाटते पण स्वीकारतो, असे लिहिण्यास त्यात जागा नव्हती. १८९४ च्या गोऱ्या सरकारच्या कायद्यातदेखील ती होती.

टाटांची वा सरकारची उणीदुणी काढणे हा या लिखाणाचा हेतू नाही. विजेने मुंबईचा धूर कमी केला, आणि दोन कोटी धारकांचे मुद्दल, निदान त्याचा मोठा भाग, अखेर करदात्यांच्या पैशातून परत मिळाला, हेही खरेच आहे. गेल्या पंचवीस वर्षांत हिंजवडी-माणकडे उद्योगक्षेत्र आले, पिरंगुटकडे कारखाने आले, आणि आता तालुक्यात जमीन विकून आलेला पैसा हाच सर्वांत मोठा पैसा झाला आहे. ज्या घरात शतकभर रोकड नव्हती तेथे एका खरेदीखताने ती येते आणि दोन-तीन हंगामांत जाते. हल्ली त्यातील काही म्युच्युअल फंडांतही जाते, आणि चौसष्टच्या उलट तेथे रोजच्या रोज खरे मोल छापले जाते, ही प्रगती नाकारण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले म्हणजे काठाच्या चिखलातून जुन्या घरांची जोती वर येतात. गुरुजी एकदा मला तेथे घेऊन गेले होते आणि एका जोत्याकडे बोट दाखवून, हेच आजोळ असावे, असे म्हणाले होते. खात्री त्यांनाही नव्हती.

त्यांच्या रोख्यांची रक्कम जून २००८ मध्ये खात्यावर आली. परंतु पुष्कळांची आलीच नाही: पत्ता बदललेला, मूळ धारक वारलेला, वारसांस कागदाचा पत्ता नाही. अशा न मागितलेल्या रकमा त्या विशेष उपक्रमाकडे शिल्लक राहिल्या. तेव्हा ज्यांच्या घरी आजोबांच्या किंवा आत्याच्या नावाचे युनिट चौसष्टचे दाखले, रोख्यांची पत्रे अथवा न वटविलेली लाभांशाची वॉरंटे जुन्या ट्रंकेत पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी दाखल्यावरील क्रमांक उतरून घेऊन त्या उपक्रमाच्या कचेरीत एकवार लेखी विचारणा करावी. आणि काही रक्कम देऊ केली व ती कमी वाटली, तर विकल्प-पत्रात जागा असो वा नसो, आपली हरकत कागदावर लिहून मगच सही करावी.